गौरी आल्या जुन्या घरी

श्रावण संपत आला की आमच्या घरी दरवर्षी एकच विषय निघतो. यंदा गौरींपुढे आरास काय करायची? पूर्वी हा प्रश्न सोपा होता. बाजारात जायचं, थर्माकोलचं तयार मखर उचलायचं, रिक्षात कसंबसं कोंबून घरी आणायचं. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदी केली आणि तीत थर्माकोलची आरासही गेली. मग कागदाची मखरं आली, कापडाचे पडदे आले, दिव्यांच्या माळा आल्या. दरवर्षी दोन-अडीच हजार रुपये जातात. गौरी गेल्या की ते सगळं माळ्यावर पडतं आणि पुढच्या वर्षी "हे मागच्या वेळचंच" म्हणून कुणाला नको असतं.

गेल्या वर्षी मात्र मी ठरवलं, नवं काही घ्यायचं नाही. गौरी आमच्या गावाकडे, शेतावरच्या जुन्या घरात बसतात. तिथे जे सापडेल ते, आणि कमी पडलं तर जुन्या-मोडीच्या दुकानातलं. आमचे हे हसले. म्हणाले, "म्हणजे यंदा गौरी भंगारात बसवणार म्हणा की!" मी म्हटलं, "बघाच तुम्ही."

तर पिशवीत फक्त दोन जुन्या नऊवारी घेऊन आम्ही स्वारगेटहून बारामतीच्या एसटीत बसलो. सासवड, जेजुरी, मोरगाव असा हा रस्ता. मोरगावला मयूरेश्वराला गाडीतूनच हात जोडले. अष्टविनायकांतला हा पहिला गणपती, आणि दिवसही त्याचेच! मोरगाव सोडलं की माळरान लागतं, आणि पुढे बारामती जवळ आली की ऊस. इंग्रजांच्या काळात खोदलेल्या नीरा डाव्या कालव्याची ही करणी. कालव्याच्या एका अंगाला पाणी, ऊस, द्राक्षं; पाणी पोचत नाही तिकडे बाजरी आणि बाभळी. एकाच तालुक्यात सावत्र बहिणींसारखं.

बारामतीत दोन तास हातात होते. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) याच नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि इथेच त्यांनी आपल्या आर्या लिहिल्या. वाड्याचे बुरूज बघून घेतले आणि मग माझ्या खऱ्या कामाला लागले. म्हणजे मोडीचं दुकान!

मैत्रिणींनो, अशा दुकानात तुम्ही कधी गेला आहात का? एकदा जाऊन या. हंडे, कळशा, परात, वेळणी, चरव्या, पाणी तापवायचे बंब, सगळे एकावर एक रचलेले, आणि सगळ्यांचा भाव किलोवर. मला एक कंदील मिळाला दीडशे रुपयांत, काच शाबूत. आणि एक पितळी घंगाळ दिसलं, दोन्ही बाजूंना जाडजूड कड्या असलेलं. काळंकुट्ट होतं. बोटाने घासलं तर काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव निघालं. कुणा बाईचं नाव, पुढे तिच्या नवऱ्याचं.

पूर्वी लेकीच्या लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालून देत असत ना, तसं. कुणी तरी बापाने हौसेने घेतलं असेल आणि आता किलोच्या भावाने पडलं होतं. मला कसंसंच झालं. "घासाघीस करू नका," असं ह्यांना खुणेनेच सांगितलं आणि घंगाळ घेतलं.

बारामतीहून भिगवणला गेलं की पुणे-सोलापूर रस्ता लागतो. तिथून इंदापूरच्या दिशेने निघालात की डाव्या हाताला मधूनमधून पाणी चमकतं. समुद्र वाटावा असं. हा उजनीचा जलाशय. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि पाणी मागे मागे सरत भिगवणच्याही पलीकडे पोचलं. हिवाळ्यात इथे भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी येतात. पुण्या-मुंबईची माणसं पहाटे होडीतून त्यांना बघायला जातात. भाद्रपदात ते नसतात, नुसतं गढूळ, भरलेलं पाणी असतं.

या पाण्याखाली गावं आहेत. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ त्यात गेलं. फार दुष्काळ पडला आणि पाणी तळाला गेलं की ते उघडं पडतं, जसं २०२४ च्या उन्हाळ्यात पडलं होतं. तेव्हा माणसं चिखल तुडवत दर्शनाला गेली. आमच्या सासरचं जुनं गावही याच पाण्यात आहे. नाव तेच ठेवून गाव वर माळावर आलं.

पाणी चढायच्या आधी लोकांनी आपापली घरं उतरवली. दगड-माती तिथेच सोडली, पण लाकूड कोण सोडणार? तुळया, खांब, दारं, चौकटी बैलगाड्यांत घालून वर आणली. आमच्या मामंजींनीही आणली. सोप्याचे चार खांब, माजघराच्या तुळया आणि पुढचा दरवाजा. त्या लाकडाभोवती शेतावर नवं घर उभं राहिलं. घराला पन्नासच्या आत-बाहेर वर्षं झाली असतील, पण दरवाजा त्याच्याहून कितीतरी म्हातारा आहे. सागवानी, पितळी फुलं ठोकलेला, आणि कडी अशी की वाजवली तर मळ्यातल्या माणसाला ऐकू जावी.

पोचलो त्याच दिवशी मी पदर खोचून माळ्यावर चढले. पुतणी बॅटरी धरून खाली उभी. काय काय निघालं म्हणून सांगू! दोन रोवळ्या, फुटक्या काठाचं एक सूप, तांब्याची घागर, सात पितळी गडव्यांची उतरंड, एक लाकडी काठवट, तिफणीचं चाडं, बैलांच्या घुंगुरमाळा, आणि सासूबाईंच्या हातची एक गोधडी, उंदराने कोपरा खाल्लेली.

आता साफसफाईचं सांगते, कारण खरं काम तेच. पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ लावून पाच मिनिटं ठेवावं, मग काथ्याने घासावं. धुतल्याबरोबर लगेच जुन्या धोतराने कोरडं करावं, नाहीतर डाग पडतात. शेवटी कोरडी रांगोळी किंवा चाळलेली राख चोळली की सोन्यासारखं दिसतं. तांब्याला अर्धं लिंबू मिठात बुडवून चोळावं. लाकूड कधी भिजवू नये. ब्रशने धूळ काढावी, दोन उन्हं द्यावी आणि जवसाच्या तेलाचा बोळा फिरवावा. जुनी लुगडी कडुलिंबाचा पाला घालून ठेवावी आणि आरास करताना त्यांना टाचण्या मारू नयेत. जुनी जर फाटते. दोरीवर घालून सुतळीने बांधावं. आणि एक लक्षात ठेवा, कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात दही, ताक, आंबट काही ठेवू नका. आराशीला चालेल, नैवेद्याला नाही.

गौरी आवाहनाच्या दिवशी सोपा शेणाने सारवला. दोन खांबांच्या मध्ये माझ्या दोन नऊवारी सोडल्या, एक हिरवी, एक अंजिरी. उतरंडीच्या गडव्यांवर बाजरीची कणसं खोवली. सूप आणि रोवळ्या भिंतीला टांगल्या, त्यांत तेरडा आणि झेंडू. घुंगुरमाळा दाराला. काठवटीत फळं. फुटक्या सुपाची फुटकी बाजू झेंडूखाली दडवली. आणि मधोमध ते घंगाळ, पाणी घालून वर फुलांच्या पाकळ्या आणि पणत्या. कंदील मात्र लुगड्यांपासून लांब, पडवीत टांगला. जुनं कापड आणि उघडी ज्योत यांचं कधी जमत नाही. गौरी आत आल्या, शेपूची भाजी आणि भाकरी झाली. आराशीला एकूण खर्च घंगाळ आणि कंदिलाचा, बाकी सगळं घरचं. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

त्या रात्री पाऊस आला.

इंदापूर भागात पाऊस तसा बेताचा, पण आला की धो-धो. रात्री दोनला टप-टप आवाजाने जाग आली. सोप्यात आले तर जाऊबाई आधीच उठलेल्या. पत्रा गळत होता, तोही नेमका थोरल्या गौरीच्या डोक्याशी. त्यांनी घंगाळातली फुलं, पणत्या बाजूला काढल्या होत्या, पाणी ओतून दिलं होतं आणि घंगाळ गळतीखाली सरकवलं होतं. मला बघून हसल्या. "बघा वहिनी, आलं का नाही भांडं कामाला!"

आम्ही दोघींनी मिळून गौरी हलवल्या, लुगडी सोडली, खाली पोती टाकली. मग चुलीशी बसून चहा घेतला. मी सहज म्हटलं, "काही म्हणा, या घरात जी शोभा आहे ना, ती आमच्या फ्लॅटला नाही."

जाऊबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रागावू नका वहिनी. तुम्ही तीन दिवस येता, सजवता, फोटो काढता आणि जाता. चौथ्या दिवसापासून हे घर माझं असतं. भिंतीला ओल येते, ती मी लिंपते. त्या खांबाला खालनं वाळवी लागलीय, मी औषध घालते. मागच्या पावसाळ्यात आत्यांच्या अंथरुणापाशी साप निघाला. भाऊजींना तुम्ही फोनवर सांगता, जुनं घर पाडू नका म्हणून. म्हणून दोन वर्षं स्लॅबचं काम थांबलंय."

मला काय बोलावं कळेना. खरं होतं ते. दीर नवं घर बांधायचं म्हणत होते आणि मी इथून, पुण्याच्या गॅलरीत बसून, "वडिलांची आठवण" म्हणून अडवत होते. आठवण माझी आणि ओल त्यांची!

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा गौरीचं पूजन. पुरणपोळी, सोळा भाज्या, कोशिंबिरी. संध्याकाळी हळदीकुंकवाला वाडीवरच्या बायका आल्या. आराशीचं कौतुक झालं. "अगं, ही तर आमच्याकडेबी पडलीत," असं जी ती सुपाकडे बघून म्हणाली. एक म्हातारी मात्र आराशीकडे गेलीच नाही. दारातच थांबली आणि कडीवरून हात फिरवत राहिली. जुन्या गावात तिचं घर आमच्या घरासमोर होतं. म्हणाली, "ही कडी वाजली की आमच्या घरात समजायचं, पाटील रानातनं आलं." त्यांच्या घराचं लाकूड सगळं विकलं गेलं होतं. जुन्या गावातलं तिला हात लावता येईल असं एवढंच काय ते उरलं होतं.

सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात. याच चौकटीतलं माप ओलांडून त्या जुन्या गावातल्या घरात आल्या. बायका गेल्यावर मी त्यांच्याशेजारी बसले आणि रात्रीचं सगळं सांगितलं. म्हटलं, "आत्या, तुम्हाला काय वाटतं? हे घर पाडलं तर तुम्हाला चालेल?"

त्या म्हणाल्या, "मला इचारलंच नाही कुणी इतके दिवस. अगं, एक घर पाण्यात सोडून आले मी. ह्याचं काय घेऊन बसलीस? दार तेवढं न्या म्हणजे झालं. एकदा गाडीत घालून आणलंय, चार पावलं न्यायला काय जड हाय?"

जाऊबाई दारातून ऐकत होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन पोळ्यांचं आवरू लागल्या. त्या रात्री मी दिरांशी स्वतः बोलले.

तिसऱ्या दिवशी गौरींना निरोप दिला. आरास उतरवताना या वेळी फेकण्यासारखं काहीच नव्हतं. फुलं शेतात, कणसं गुरांपुढे, बाकीचं पुसून, कागदात गुंडाळून एका पत्र्याच्या पेटीत. जाऊबाई म्हणाल्या, हीच पेटी वर्षभर चालेल. नवरात्रात उतरंडीवर घट, दिवाळीत घंगाळात पणत्या, संक्रांतीला रोवळीत वाण, आणि हुरड्याच्या दिवसांत पाहुणे आले की काठवटीत गूळ-शेंगा. आमच्या घरी आता दरवेळी नवं काही आणायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

तुम्हालाही करायचं असेल तर आधी आपल्याच माळ्यावर चढा, माहेरी विचारा, सासरी विचारा. शहरातल्या शोभेच्या दुकानांत हेच सूप आणि हीच घागर चौपट भावाने मिळते. आणि भांड्यावर नाव असेल तर ते घासून काढू नका, राहू द्या. मी त्या घंगाळावरचं नाव तसंच ठेवलं आहे.

परवा जाऊबाईंचा फोन आला होता. पाया खणून झाला आहे. गवंड्याला जुन्या चौकटीचं माप दिलं, तर तो म्हणाला, एवढं बुटकं दार आजकाल कुणी बसवत नाही, माणसाला वाकावं लागेल. सासूबाईंनी त्याला सांगितलं, "वाकू दे की. आम्ही वाकतच आलो." शेवटी उंबऱ्याखाली चार बोटं दगड घेऊन चौकट वर उचलायचं ठरलं आहे. यंदाच्या गौरी त्याच दारातून नव्या घरात येतील, आणि पत्रा नसल्यामुळे घंगाळात फुलंच राहतील अशी आशा आहे.