मरीनाची वाट आणि अठरावे वर्ष

चेन्नईला गेलेला मराठी पर्यटक मरीना किनारा पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. हातात सुंडलची पुडी आणि समोर बंगालचा उपसागर! पण पाण्यापर्यंत जायचे तर आधी भलीमोठी रुंद वाळू तुडवावी लागते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला एरवी रस्त्यावरूनच समुद्र पाहावा लागे. 27 नोव्हेंबर 2022 रोजी त्यांच्यासाठी 263 मीटर लांबीची लाकडी वाट खुली झाली. पंधरवड्यातच मँडूस चक्रीवादळाने ती मोडली, मग पुन्हा दुरुस्त करण्यात आली.

किनाऱ्यासमोरच्या कामराज सालैवर 'म्युझियम ऑफ पॉसिबिलिटीज' हे आगळे संग्रहालय आहे. घरात, अभ्यासात आणि कामावर दिव्यांगांना उपयोगी पडणारी साधने येथे हाताळून पाहता येतात. ते उभारताना तामिळनाडू सरकारला 'विद्यासागर' या संस्थेची साथ मिळाली.

अड्यार नदीकाठच्या कोट्टूरपुरम भागातली ही संस्था पूनम नटराजन यांनी 1985 साली सुरू केली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. तिचे आधीचे नाव होते स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. हे नाव मुंबईकरांच्या ओळखीचे. कारण त्या नावाची पहिली शाळा मिठू अलूर यांनी 1972 मध्ये कुलाब्यात काढली, तीही मुलीच्या काळजीपोटीच.

शाळा आहे तोवर दिवस ठरलेला असतो. बस येते, बाई असतात, मित्र असतात. शाळा संपली की मूल घरात बसते आणि आईच्या मनात एकच प्रश्न घोळतो : 'आमच्यानंतर याचे कसे होणार?'

या प्रश्नाची तयारी चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुरू व्हायला हवी. पैसे मोजणे, बसने जाणे, स्वतःचे कपडे निवडणे, 'नको' म्हणता येणे, हेही शिक्षणच. नेहमीची परीक्षा झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक विषय देत पाच वर्षांत दहावी करता येते.

कायद्याची बाजूही आईवडिलांनी समजून घ्यावी. अठरा पूर्ण होताच मूल सज्ञान ठरते आणि त्यांचे पालकत्व आपोआप संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल आणि गरज असेल, तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. 2016 च्या कायद्याने 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत 5 टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे.

चेन्नईला जाल तेव्हा मरीनाच्या त्या लाकडी वाटेवरून मुलांना जरूर न्या. घरी आपलेच असे एखादे मूल असेल, तर समोरचे संग्रहालयही चुकवू नका.