बापाची सही

गेल्या नाताळात बहिणीच्या घरी आम्ही ‘टेकन’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला. पिअर मोरेल यांचा २००८ सालचा हा चित्रपट. ब्रायन मिल्स हा निवृत्त अमेरिकन गुप्तहेर. त्याची १७ वर्षांची किम मैत्रिणीसह पॅरिसला जाते आणि पोहोचताच मुलींचा व्यापार करणारी टोळी दोघींना पळवते. हाती उरतात अवघे ९६ तास. लिअम नीसन यांनी हा बाप असा उभा केला आहे, की आम्हीही श्वास रोखून पाहत राहिलो.

किम सुखरूप परतली. परिचारिकेच्या नोकरीसाठी परदेशी निघालेल्या भाचीला तिचे वडील म्हणाले, “पाहिलंस? म्हणून सांगतो, जायचं नाही.” सर्वांनी आमच्याकडे पाहिले. खरे सांगायचे तर, तेच आमच्याही ओठांवर होते.

भाची हळूच म्हणाली, “मामा, किम बापाशी खोटं का बोलली? खरं सांगितलं असतं तर त्यानं सहीच केली नसती.”

आम्ही निरुत्तर झालो. संग्रहालये पाहण्याचे निमित्त सांगून किमला ‘यू-टू’ या वाद्यवृंदाच्या मागे युरोपभर फिरायचे होते. भीतीने बंद केलेल्या दारातून प्रथम सत्य बाहेर जाते, लेक नंतर.

रात्री झोप येईना. त्या अड्ड्यात इतरही मुली होत्या. किमचे जॅकेट जिच्याजवळ सापडले, तिला ब्रायन बाहेर काढतो, तेही माग काढण्यासाठी. बाकीच्यांचे पुढे काय झाले, चित्रपट सांगत नाही. ज्यांचा बाप गुप्तहेर नाही, त्यांनी कोणाची वाट पाहावी? सुदानमध्ये बालपणी पळवून विकल्या गेलेल्या संत जोसेफिन बखिता यांना आपले आईवडील पुन्हा कधीच भेटले नाहीत. त्यांच्या सणाच्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, २०१५ पासून मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थना होते. आम्हीही ती दरवर्षी केली. परंतु परदेशी निघालेल्या एकाही कुटुंबाला, “एजंट कोण?” असे आम्ही कधी विचारले नाही. प्रत्यक्षात बळजबरीइतकेच नोकरीचे आमिषही घातक असते आणि ते दाखविणारा पुष्कळदा ओळखीचाच निघतो.

सकाळी भाचीचे कागद घेऊन बसलो. एजंटाची सरकारी नोंदणी, करारातील पगार, तेथील भारतीय दूतावासाचा क्रमांक, सारे एकेक करून तपासावयाचे ठरले. शेवटी तिला म्हणालो, “बाळ, चूक झाली तरी घरी खरंच सांग. कोणी रागावणार नाही.”

भावोजींनी अद्याप होकार दिलेला नाही. मात्र ते कागद त्यांनी स्वतःच्या हाताने नीट घडी करून ठेवले आहेत.