स्वरांची बाजू

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. एक साताऱ्यात शिकवतो, दुसरा सांगलीत. सातारकराचे मनगट दुखू लागले आणि लेखन जवळजवळ थांबले, तेव्हा दोन्ही हात खांद्यांच्या अंतरावर ठेवून टंकता येईल असा दोन तुकड्यांचा कळफलक आपणच बांधावा, असे ठरले. एर्गोडॉक्स या खुल्या आराखड्याचे सुटे भाग मागवले. उजवा अर्धा साताऱ्यात, डावा सांगलीत जोडायचा, अशी वाटणी झाली.

या रचनेत विचार करणारा भाग एकच. टीन्सी नावाचा मायक्रोकंट्रोलर उजव्या अर्ध्यात बसतो. डावीकडच्या कळा ६ ओळी व ७ स्तंभांच्या जाळ्यात असतात. त्यांच्या १३ तारा पलीकडे ओढत नेण्याऐवजी तिथे एमसीपी२३०१८ ही विस्तारक चिप बसवतात. मग मधल्या केबलमध्ये चारच तारा पुरतात; दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. चिपला स्वतःचे मत नसते. उजवीकडून विचारणा झाली की कोणत्या कळा दाबल्या आहेत, एवढेच ती कळवते.

दोन्ही अर्धे कऱ्हाडला एकत्र आणले. संगणकावर इन्स्क्रिप्ट रचना निवडून ‘सातारा’ टंकले, उमटले ‘सतर’. ‘सांगली’चे ‘सगल’ झाले आणि ‘मनगट’चे नुसते ‘गट’. डावा अर्धा मुका होता. १९९१च्या भारतीय मानकात आलेल्या या रचनेत स्वर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त डाव्या हाताला असतात, व्यंजने बहुतांशी उजव्या. म, न, व मात्र डावीकडे खालच्या ओळीत.

स्वर स्वतंत्र आणि व्यंजने त्यांच्या आधाराने उच्चारली जाणारी, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. इथे नेमके उलटे होते. स्वरांची बाजू परावलंबी, आणि व्यंजनांच्या बाजूला सारी बुद्धी. तरीही त्या बुद्धिमान बाजूला आमच्या गावांची नावे धडपणे लिहिता येईनात. ‘सतर’ आम्हांला वाचता आले, ते काय टंकले होते हे ठाऊक होते म्हणून. मोडी वाचणारा ऱ्हस्व-दीर्घ संदर्भावरून ठरवतो, तसेच काहीसे. ज्याच्यापाशी संदर्भ नाही, त्या विद्यार्थ्यापुढे आपण कितीदा असे स्वरहीन बोलत असू, हा विचार त्या दुपारी आम्हां दोघांनाही बोचला.

दोष केबलच्या खोबणीत निघाला. निरोपाच्या एका तारेचा सोल्डर कच्चा राहिला होता, काम सांगलीकराचे. तो पुन्हा तापवून बसवला आणि काना, वेलांटी, अनुस्वार जागेवर आले.

मनगट अजून दुखते. मात्र रोज पानभर लेखन होते, आणि हे टिपण त्याच कळफलकावर लिहिले आहे.