मागच्या जन्मातला आयर्विन पूल

सातारा

चि. सौ. ताईस,

संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे. लक्ष एका जागी गोळा झालेले, भोवतालचे भान पातळ झालेले आणि समोरच्याच्या सूचना मन फारशी उलटतपासणी न करता स्वीकारते आहे, अशी ती जागेपणीचीच एक अवस्था असते. कादंबरीत बुडालेल्या माणसाला स्वयंपाकघरातली हाक ऐकू येत नाही, तसलाच हा प्रकार. फक्त इथे कादंबरी दुसरा माणूस वाचून दाखवत असतो. या अवस्थेत जाण्याची क्षमता प्रत्येकात सारखी नसते. ती मोजण्याची पट्टी स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी 1959 साली तयार केली. बहुतेक माणसे मध्यम निघतात, काहींवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही आणि थोडी माणसे चटकन खोल जातात. खोल जाणारा माणूस मनाने दुबळा असतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. कल्पनेत रमण्याची ताकद त्याच्याकडे जास्त असते, एवढेच.

तुझ्या जाऊबाई या शेवटच्या प्रकारातल्या, असे पत्रावरून दिसते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या घरात कृष्णेचे पाणी शिरले. तेव्हापासून पावसाळा लागला की झोप उडते, रात्री छातीत धडधडते. ओळखीतल्या कुणीतरी सुचवले म्हणून त्या संमोहनाने उपचार करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेल्या. आरामखुर्ची, मंद दिवा, उलटे आकडे, मनातल्या मनात उतरायचा एक जिना आणि तळाशी एक बंद दार. ‘या दारापलीकडे तुमच्या त्रासाचे मूळ आहे, या जन्माच्याही आधीचे,’ असे त्यांना सांगण्यात आले. दार उघडल्यावर त्यांना संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या अमदानीतली सांगली दिसली. नऊवारी नेसलेली एक बाई दिसली आणि ती बाई म्हणजे आपणच, अशी खात्री पटली. दिवट्यांच्या उजेडात राजवाड्यात सीतास्वयंवराचा खेळ झाला. मग नदीला पूर आला, ती बाई पुलाच्या दगडी कमानीला धरून उभी राहिली आणि पाण्याने तिला ओढून नेले. डोळे उघडले तेव्हा गाल ओले, घसा कोरडा. दहा मिनिटे गेली असे वाटत होते. घड्याळात तासाच्या वर वेळ गेला होता. आणि त्या रात्री जाऊबाईंना गाढ झोप लागली.

यातले अश्रू खरे, वेळेचा गोंधळ खरा आणि झोपही खरी. संमोहनात वेळ आखडल्यासारखा वाटणे ही नेहमीची गोष्ट आहे. कल्पनेतल्या प्रसंगाला शरीर साथ देते, हेही नवे नाही. प्रश्न उरतो तो दिसलेल्या गोष्टीचा. ती पारखायला गूढविद्या लागत नाही, सांगलीचा इतिहास पुरतो. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झाले 1843 साली, चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने. चिंतामणराव वारले 1851 साली. आणि दगडी कमानींचा तो आयर्विन पूल वाहतुकीला खुला झाला 1929 साली, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते. म्हणजे ज्या पुलाला धरून ती बाई बुडाली, तो पूल व्हायला तिच्या काळानंतर निदान पाऊणशे वर्षे जायची होती.

हे चित्र आले कुठून, हेही सांगलीकराला अवघड वाटू नये. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, भाव्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते, शाळकरी मुलालाही 1843 हे साल पाठ असते. गणपती मंदिर कुणी बांधले हे विचारले की चिंतामणरावांचे नाव निघते. आणि पूल तर प्रत्येक पावसाळ्यात घराघरात येऊन बसतो: आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेले की इशारा, 45 वर धोका. 2019 साली तो आकडा 57 च्याही वर गेला तेव्हा सारा गावभाग पाण्यात होता. शाळेतला इतिहास, रंगभूमी दिनाचे सोहळे आणि स्वतः सोसलेला महापूर एवढे सामान मनात असताना, ‘मागचा जन्म शोधा’ ही सूचना मिळाली की मन त्याचे एक सलग नाटक बसवते. ते रचताना आपण रचतो आहोत असे वाटत नाही. आठवते आहे असे वाटते. सारी फसगत तिथेच होते.

याचे प्रयोगही झालेले आहेत. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बेकर यांनी 1982 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 60 विद्यार्थ्यांचे 20-20 चे तीन गट केले. पहिल्या गटाला आधी सांगितले की पूर्वजन्मात नेणारी ही उपचारपद्धती फार रोमांचक आहे. दुसऱ्याला कोरडी माहिती दिली. तिसऱ्याला सांगितले की असले काही दिसत नसते, शहाण्या माणसाला तर नाहीच. पहिल्या गटातल्या 17 जणांना मागचा जन्म दिसला, दुसऱ्यातल्या 12 जणांना आणि तिसऱ्यातल्या फक्त दोघांना. विधी तोच; बदलली ती केवळ प्रस्तावना. कॅनडात निकोलस स्पॅनोस यांना आढळले की मागच्या जन्मातला माणूस कसा असेल याची जी कल्पना आधी पेरली जाते, त्याच वळणाची माणसे पुढे ‘आठवतात’. आणि त्या काळाचे नाणे, राजा, साल विचारले की उत्तरे बहुधा चुकतात. सांगलीतला पूल याच जातीचा.

फिनलंडमधले मनोविकारतज्ज्ञ रेइमा काम्पमान यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. संमोहनात एका मुलीने स्वतःला जुन्या इंग्लंडातली मुलगी म्हणवून घेतले आणि मध्ययुगीन इंग्रजीतले एक गाणे म्हटले. पुन्हा संमोहित करून हे गाणे पूर्वी कुठे पाहिले असे विचारल्यावर, शाळकरी वयात ग्रंथालयात चाळलेल्या एका पुस्तकाचे नाव तिनेच सांगितले. पुस्तकात ते गाणे होते. माहिती डोक्यात राहते, ती कुठून मिळाली ते मात्र पुसले जाते. मग ती कुठूनतरी दैवी मार्गाने आल्यासारखी वाटते.

प्रत्येक प्रकरण असे एका पुलावर निकालात निघत नाही, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण नागपूरचे. तिथल्या विद्यापीठात शिकवणारी, मराठी घरात वाढलेली एक विदुषी 1974 च्या सुमारास ध्यानधारणा करत असताना अचानक बंगाली बोलू लागली. ती स्वतःला शारदा म्हणवी, बंगाली विवाहितेसारखी साडी नेसे, घरच्यांना ओळखत नसे, विजेची उपकरणे पाहून बावरे. सांगे ती हकिगत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतली होती, शेवट सर्पदंशाने मृत्यू. ही अवस्था कधी एखादा दिवस टिके, कधी काही आठवडे. पुढे पुन्हा मूळ व्यक्ती परत येई आणि मधले तिला काही आठवत नसे. व्हर्जिनिया विद्यापीठातले इयन स्टीव्हन्सन आणि भारतातल्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पस्रीचा यांनी त्याचा कसून अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांचे त्यावरचे विवेचन 1984 च्या त्यांच्या ग्रंथात आहे. हे न शिकलेली भाषा बोलता येण्याचे उदाहरण आहे, असे मानण्याकडे त्यांचा कल होता. भाषाशास्त्रज्ञ सारा थॉमसन यांनी उलट बाजू मांडली. त्या विदुषीला शाळकरी वयात बंगाली वाचनाची थोडी ओळख झालेली होती, बंगालबद्दल घरात ओढ होती. मराठीत तर मामा वरेरकरांनी बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र अनुवादून आणून ठेवलेलेच होते, हे मराठी वाचकाने आपल्या पदरचे जोडावे. इतके असूनही ते बोलणे इतके ओघवते कसे, याचे सर्वांना पटेल असे उत्तर मिळालेले नाही. पण त्या प्रकरणाची नोंद ठेवणाऱ्यांनी बाईंची भाषा तपासली, वंशावळी शोधल्या, घरच्यांना खोदून विचारले. आरामखुर्चीजवळ बसलेल्या गृहस्थांनी पुलाचे सालही पाहिले नाही.

आता झोप का लागली, ते. संमोहनाने आराम पडतो, ही वस्तुस्थिती आहे. बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने 1845 पासून अशाच पद्धतीने, तेव्हा तिला मेस्मेरिझम म्हणत, रोग्यांच्या मोठमोठ्या गाठी भूल न देता कापल्या. सरकारने समिती नेमून ते पाहिले आणि 1846 साली कलकत्त्यात त्याला छोटे रुग्णालयही दिले. क्लोरोफॉर्म आल्यावर ते मागे पडले. आजही दुखणे, शस्त्रक्रियेआधीची धास्ती, आतड्यांच्या काही तक्रारी यांत प्रशिक्षित डॉक्टर त्याचा उपयोग करतात. जाऊबाईंच्या बाबतीत तर आणखी एक साधे कारण दिसते: जे पाणी रोज रात्री टाळायचे, ते त्यांनी सुरक्षित खोलीत, सैल अंगाने, शेवटपर्यंत पाहिले. भीतीला सामोरे जाण्याने भीती उतरते, हे मानसोपचारातले जुने तत्त्व आहे. त्यासाठी पटवर्धनांच्या काळात जायची गरज नव्हती. 2019 पर्यंत गेले असते तरी पुरले असते.

आणि नुकसान इथेच झाले. खरा धक्का या जन्मातला होता, तारीख-वार सांगता येईल असा. तो उचलून दीडशेहून अधिक वर्षे मागे ठेवला की त्यावर करायचे काम राहून जाते. पुढच्या बैठकीत तर त्या गृहस्थांनी सांगितले की पाण्यात हात न देणारा माणूस आज सासूच्या रूपाने घरात आहे. हे वाक्य उपचाराचे नाही. त्याने घरात जे सुरू झाले ते पत्रात सविस्तर आलेच आहे. स्वतःहून बचाव करता येत नाही अशा म्हाताऱ्या बाईवर, कुणीही तपासू शकणार नाही असा आरोप, तोही फी घेऊन! संमोहित अवस्थेत मिळालेली ‘माहिती’ माणसाला इतर माहितीपेक्षा जास्त पक्की वाटते, चूक असली तरी. म्हणून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली संमोहनातून काढलेली साक्ष ग्राह्य धरायचे नाकारले.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2003 साली राज्यांना लिहिताना संमोहन हा उपचाराचा एक मार्ग मानला, पण योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच तो वापरावा, असे बजावले. व्यवहारात दारावर ‘हिप्नोथेरपिस्ट’ अशी पाटी कुणीही लावतो. पाहायचे ते असे: मनोविकारतज्ज्ञ असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंद. शनिवार-रविवारच्या शिबिरातले चौकटीतले प्रमाणपत्र यांपैकी काहीच नव्हे.

या भागात हा विषय नवा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, शिकले सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि डॉक्टर झाले मिरजेला. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर चारच दिवसांत, इतकी वर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा वटहुकमाने आला, डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत पूर्वजन्माचा उल्लेख आहे: गेल्या जन्मी तू माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असे भासवून लैंगिक संबंध ठेवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सासूबाईंवरचा आरोप या कलमात बसत नाही आणि ओढूनताणून बसवूही नये. पण पूर्वजन्माची गोष्ट कुठवर ताणली जाऊ शकते, याचा अंदाज कायदा करणाऱ्यांना होता, हे त्यावरून कळते.

जाऊबाईंना वेड्यात काढू नये. त्यांनी खोटे काहीही सांगितलेले नाही. जे दिसले तेच सांगितले. पुलाचे सालही भांडणात तोंडावर फेकू नये, निवांत वेळ पाहून दाखवावे. पुढच्या बैठकांचे पैसे भरले असतील तर ते गेले असे समजावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, तिथे घेऊन जावे आणि पहिल्याच भेटीत 2019 चा पूर सांगावा, 1843 चा नव्हे. रात्री-अपरात्री धडधड वाढली तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मराठीतून करता येतो. आणि सासूबाईंशी बोलणे जूनच्या आत सुरू व्हावे; पाणी वाढू लागले की त्या घरात सगळ्यांनाच एकमेकांची गरज पडते.

तुझा,
मामा