पास द्यायला मी सांगितलंय

भोसरी-चाकणच्या कंपन्यांत पार्ट रिजेक्ट झाला की 'व्हाय-व्हाय' करतात. 'का?' असं पाच वेळा विचारत ऑपरेटरच्या हातापासून फिक्श्चरपर्यंत आणि तिथून आखून दिलेल्या पद्धतीपर्यंत मागं जायचं. ही टोयोटाची शिकवण. प्राधिकरणात मी ज्या पोरांना फुटबॉल शिकवतो, त्यांतल्या बऱ्याच जणांचे वडील पहिली पाळी संपवून थेट मैदानावर येतात. हे काम त्यांच्या रोजच्या हातातलं. तरी गोल खाल्ला की टचलाइनवरून पहिला आवाज येतो, "कोणी सोडला रे त्याला?"

पोरगं तेव्हा माझ्याकडे बघतं.

11 जुलै 2021. वेम्बलीवर युरोच्या फायनलमध्ये 1-1 बरोबरीनंतर इंग्लंड इटलीकडून पेनल्टीवर 3-2 हरलं. रॅशफर्ड, सँचो आणि 19 वर्षांचा साका चुकले. पहिले दोघे तर अगदी शेवटी, पेनल्टीसाठीच उतरवलेले. इंग्लंडचा तेव्हाचा कोच गॅरेथ साउथगेट यानं लगेच सांगितलं की पेनल्टी कोण मारणार हे सरावात पाहून आपण ठरवलं, निर्णय आपला. तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडत होता, तेव्हा हे बोलणं फार गरजेचं होतं. मला त्यातला नेमकेपणा मोलाचा वाटतो. 'सगळी चूक माझीच' असं म्हणणाऱ्या कोचवर पोरं विश्वास ठेवत नाहीत. कुठला निर्णय, हे त्यांना ऐकायचं असतं.

माझा संघ गोलकीपरपासून छोटे पास देत वर येतो. त्यात स्टॉपरचा पास कापला गेला आणि गोल झाला, तर मी तिथंच, वडिलांनाही ऐकू जाईल असं ओरडून सांगतो, "तिथून पास द्यायला मी सांगितलंय!" पासचा जोर कमी पडला, हे मात्र त्याचं. ते सरावात, बाजूला घेऊन. तेही मी माझ्या अंगावर घेतलं तर त्याला शिकायला काय उरलं? आणि पुढच्या मॅचला तो अकरात असतोच. बाहेर बसवला, तर मी ओरडून सांगितलेलं सगळं खोटं ठरतं.

6 जुलै 2024ला ड्युसेलडॉर्फमध्ये स्वित्झर्लंडविरुद्धचा सामना पेनल्टीवर गेला. साउथगेटच्या यादीत साका होता. त्यानं गोल केला, इंग्लंडच्या पाचही पेनल्टी आत गेल्या. तो व्हिडिओ मी स्टॉपरना दाखवतो, आणि शनिवारी टचलाइनवर येणाऱ्या त्यांच्या वडिलांनाही.