बाबांचे चार कोर, माझे दोन

जुना लॅपटॉप ही जाम अवघड चीज आहे, बॉस! विकायला न्यावा तर दुकानदार असा भाव सांगतो की त्यात दोघांचं जेवणही धड होऊ नये. फेकायला जीव होत नाही. मग तो कपाटात जुन्या चादरींवर, चार्जरची वायर गुंडाळून, वर्षानुवर्षं पडून राहतो. आमच्याकडे असे दोन होते. दोन्ही २०१६ साली घेतलेले. एक माझा, पहिल्या नोकरीतल्या पगाराचा. दुसरा बाबांचा, रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेला.

२०२५च्या दिवाळीत या दोघांनाही अचानक भाव आला. माझी मामेबहीण सांगलीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला टॅलीचा कोर्स करायचा होता. क्लासमध्ये रोज तासभर मशीन मिळतं, पण सराव करायचा कशावर? मोबाईलवर टॅली शिकणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकणं. मामाने थेट काही मागितलं नाही. मामा मागत नाही. तिनेच फोन केला, "दादा, तुझ्याकडे एखादा जुना पडलाय का रे?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी जाहीर करून टाकलं. "माझा द्या तिला. तुझ्यात दोनच कोर आहेत, माझ्यात चार. शिवाय पेंटियम आहे!"

आता इथे गंमत बघा. कागदावर बाबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांच्या लॅपटॉपमध्ये पेंटियम एन३७१०. चार कोर, वेग १.६ गिगाहर्ट्झ, आणि जोर लावला तर २.५६पर्यंत. माझ्यात कोअर आयथ्री ५००५यू. दोन कोर, वेग २ गिगाहर्ट्झ, आणि टर्बो वगैरे लाड नाहीतच. दोन म्हणजे दोन. दोन्ही चिप १४ नॅनोमीटरच्या, दोन्ही इंटेलच्या. चार मोठे की दोन? अडीच मोठे की दोन? बालवाडीतलं पोरगंही सांगेल.

आणि ते 'पेंटियम' हे नाव! आपल्या पिढीला त्याचं काही वाटत नाही. पण इंटेलने १९९३ साली पहिला पेंटियम आणला, तेव्हा ४८६च्या पुढे ५८६ न म्हणता मुद्दाम नाव दिलं, कारण नुसत्या आकड्यावर कंपनीला हक्क सांगता येत नव्हता. ग्रीकमध्ये पेंटे म्हणजे पाच. बाबांच्या ऑफिसात नव्वदीच्या दशकात पेंटियम फक्त मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये होता. बाकी सगळे त्याच्याकडे काचेतून बघायचे. त्या माणसाने २०१६ साली दुकानात 'पेंटियम' आणि 'क्वाड कोर' असे दोन स्टिकर एकाच मशीनवर पाहिले, तर तो दुसरं काय उचलणार?

फक्त तोपर्यंत नाव तेच राहिलं होतं आणि घराणं बदललं होतं. एन३७१० हा अ‍ॅटमच्या घराण्यातला. तोच अ‍ॅटम, जो २००८च्या सुमाराला त्या चिमुकल्या नेटबुकांत असायचा. वीज कमी खायची हे त्याचं पहिलं काम, वेग नंतर. आयथ्री मात्र कोअर घराण्यातला. अ‍ॅटमवाल्या एका कोरला एका ठोक्याला फार तर दोन सूचना उलगडता येतात, कोअरवाल्याला चार. म्हणजे गिगाहर्ट्झ हा नुसता ठोक्यांचा हिशेब आहे, एका ठोक्यात काम किती होतं ते त्यात येत नाही. लग्नाच्या स्वयंपाकाला चार शिकाऊ पोरं लावा किंवा दोन मुरलेले आचारी. त्यात आयथ्रीच्या आचाऱ्यांना हायपरथ्रेडिंगची सवय, एक भाजी शिजेपर्यंत दुसऱ्या शेगडीवर फोडणी देऊन मोकळे!

(आणखी गोंधळ हवाय? त्याच काळात पेंटियम ४४०५यू नावाची चिपही बाजारात होती. ती मात्र कोअर घराण्यातली. आडनाव एक, घरं दोन. त्यामुळे तुमच्या कपाटातला लॅपटॉप उघडाल तेव्हा 'पेंटियम' शब्द बघू नका, अक्षर बघा. त्या काळच्या स्वस्त मशीनमध्ये आकड्याआधी 'एन' असेल तर अ‍ॅटमवाला, शेवटी 'यू' असेल तर कोअरवाला.)

पण हे सगळं बाबांना सांगायचं कसं? माणूस मोठ्या मनाने आपली वस्तू देतोय आणि मी म्हणणार, "बाबा, तुमचा नको"? आणि नुसतं "स्लो आहे" म्हटलेलं त्यांना चालत नाही, पुरावा लागतो. आयुष्यभर ऑडिटमध्ये काढलेलं आहे.

मग एका रविवारी दोन्ही मशीन डायनिंग टेबलवर मांडली. दोन्हींत चार-चार जीबी रॅम ठेवली. एक एसएसडी आणून आधी बाबांच्या लॅपटॉपमध्ये घातली, विंडोज टाकलं, सगळं करून बघितलं. मग तीच एसएसडी काढून माझ्यात. उगाच कोणावर अन्याय नको! बाबा स्वतः घड्याळ घेऊन बसले.

सगळ्यात आधी एक गोष्ट कळली ती प्रोसेसरची नव्हतीच. जुनी हार्डडिस्क जाऊन एसएसडी आली तशी दोन्ही मशीन जिवंत झाली. खरं सांगायचं तर तुमच्याकडे पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते इथेच घाला.

त्यानंतर फरक दिसायला लागला. ब्राउझर उघडणं, मोठी एक्सेल शीट, एका टॅबवरून दुसऱ्यावर उडी. प्रत्येक ठिकाणी पेंटियम 'थांब हं, बघतो' म्हणायचा. अशी कामं एका वेळी एकाच कोरवर पडतात, बाकीचे तिघं हाताची घडी घालून उभे असतात. एकट्या कोरची ताकद मोजली तर आयथ्री चाचणीप्रमाणे दीडपट ते दुप्पट भरतो. मग बाबांनी हट्टाने चारही कोरना जुंपणारं काम काढलं. सहलींच्या फोटोंचं एक भलंमोठं फोल्डर झिप करायला लावलं. अंतर कमी झालं खरं, पण पुढे आयथ्रीच राहिला.

बाबांनी आकडे वहीत लिहिले. दोनदा तपासले. मग टेबलाला कान लावावा तसे वाकले आणि म्हणाले, "पण तुझा आवाज करतोय."

करत होताच! आयथ्री १५ वॉटचा, त्याला पंखा लागतो. पेंटियम ६ वॉटचा, बाबांच्या मॉडेलमध्ये पंखाच नाही. ना घरघर, ना धूळ. रात्री दहानंतर नाट्यसंगीत लावून बसणाऱ्या माणसासाठी याहून भारी मशीन नाही, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणेन.

"मग हा मला राहू दे," बाबा म्हणाले. "तिला तुझा दे." विषय संपला.

खरी कटकट पुढेच होती. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या दोघांनाही दारात उभं करत नाही. इंटेलमध्ये एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर त्याला चालतात, आणि माझा पाचव्या पिढीतला. बाबांच्या पेंटियमवर मी लिनक्स मिंट टाकून दिलं. त्यांना ब्राउझर आणि गाणी एवढंच हवं. पण टॅलीला विंडोज लागतं. म्हणून सांगलीच्या मशीनला मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी केली. ती सोय जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. तोवर तिचा कोर्स संपेल. पुढे टॅली करायची ऑफलाइन, आणि बँकेचं काही त्या मशीनवर उघडायचं नाही, हे तिला तीनदा बजावलं.

पाठवण्याआधी रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी चार जीबी रॅम घातली, पंख्यातली नऊ वर्षांची धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली. मामा स्वतः एस.टी.ने येऊन घेऊन गेला. जाताना बाबांनी त्याच्या हातात वहीतलं ते आकड्यांचं पान फाडून दिलं. मामाने घडी घालून खिशात ठेवलं.

चार दिवसांनी फोन आला. "दादा, टॅली मस्त उघडतंय. पण पंखा किती कोकलतो रे याचा!"

पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "सांगितलं होतं!"