चार अक्षरांचा बाऊ

इंग्रजीत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे एका रांगेत आली की पुढे काय म्हणायचे, हे त्या रांगेकडे बघून कधीच कळत नाही. टी-ओ-यू-जी-एच टफ, म्हणून डी-ओ-यू-जी-एच डफ म्हणायला जावे तर तो डो, म्हणजे मळलेल्या पिठाचा गोळा. बी लावला तर बाऊ, झाडाची फांदी. टफच्या टी आणि ओच्या मध्ये एच घुसवला की दो होतो, त्यात आणखी एक आर घातला की थ्रू. सगळीकडे शेपूट तेच, नुसते तोंड बदलले.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे आणि स्पेलिंगे पाढ्यांसारखी पाठ करायची. 'सी-ओ-यू-जी-एच कफ, कफ म्हणजे खोकला' असे सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा. खरा उच्चार कॉफच्या जवळचा आहे. पण कफ हा आपल्याच घरातला शब्द. छातीत कफ झाला की खोकला येणारच! त्यामुळे कोणाला काही खटकले नाही. आम्हाला कुठे विलायतेला जायचे होते?

माझ्या भाचीचे तसे नव्हते. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि इंग्रजी फक्त त्या विषयाच्या तासाला. मार्क चांगले पडले म्हणून पीयूसीला सायन्स घेतले आणि पहिल्या दिवसापासून सगळेच इंग्रजीत आले. ते तिने निभावलेही. पण फिजिक्समध्ये लाटांचा धडा आला. लाटेचा उंचवटा तो क्रेस्ट आणि खोलगट भाग तो ट्रॉफ; त्या ट्रॉफचे शेपूट हेच, ओ-यू-जी-एच. सरांनी वाचायला उभे केले, तिने थ्रूच्या चालीवर 'ट्रू' वाचले. वर्ग हसला. सरही हसले, हे तिला जास्त लागले. तेव्हापासून ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर घरी म्हणाली, 'मला आर्ट्सला जायचंय.' बहीण फोनवर रडवेली झाली होती. फी गेल्याचे दुःख होतेच, पण जेवताना अखंड बडबडणारी मुलगी गप्प झाली, हे आईला सोसवत नव्हते.

मे महिन्यात मी तिला आठ दिवस माझ्याकडे आणले. उपदेश केला नाही. त्या वयात तो कोणाला हवा असतो? एक कोरी वही आणि माझी जुनी डिक्शनरी पुढ्यात ठेवली आणि म्हटले, या चार अक्षरांचे जेवढे शब्द सापडतील तेवढे उच्चाराप्रमाणे वेगळे कर. वहीत आठ रकाने पडले. रफ, टफ, इनफ एका घरात. कॉफ आणि ट्रॉफ दुसऱ्या. बाऊ, प्लाऊ आणि दुष्काळ म्हणजे ड्राउट तिसऱ्या. सगळ्यांत मोठे कुटुंब थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट यांचे. पण ती मंडळी शेवटी टी घेऊन येतात, म्हणून ओळखायला सोपी. थ्रू एकटाच. थरो जरा वेगळा, कारण त्यात थ्रूपेक्षा एकच ओ जास्त आणि दोघांची कायम गल्लत. शेवटी सापडली उचकी. लिहायची हिक-कॉफ आणि म्हणायची हिकप. मूळ शब्द हिकपसारखाच होता. उचकीचे खोकल्याशी नाते असावे अशा समजुतीने मागाहून कोणीतरी त्याला कॉफचे शेपूट लावले. हे वाचल्यावर ती म्हणाली, 'म्हणजे त्यांचंपण चुकलंय की!' आणि कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

मग त्या जी-एचच्या मुळाशी जाण्याचा नादच लागला. जुन्या इंग्रजीत तिथे घशातून घासून येणारा खरा आवाज होता, उर्दू खबरीतल्या ख सारखा. जर्मनांनी तो अजून जपला आहे; इंग्रजांच्या लाफला ते लाखन म्हणतात. इंग्रजांच्या घशातून तो हळूहळू गेला. कुठे त्याचा फ झाला, कुठे नुसती रिकामी खुर्ची राहिली. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढे छापील स्पेलिंगे घट्ट होत गेली, उच्चार मात्र बदलतच राहिले. मला आवडली ती डॉटरची गोष्ट. डॉटर आणि संस्कृत दुहिता या एकाच घराण्यातल्या. दुहितेतला ह जिथे, तिथेच डॉटरमध्ये जी-एच बसले आहेत.

या जी-एचवर एक जुना विनोदही आहे. इनफमधला जी-एच, विमेनमधला ओ आणि नेशनमधला टी-आय जोडले की होतो फिश. लिहिलेले मात्र आपण वाचणार घोटी, इगतपुरीजवळची! हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो, पण तो १८५५ सालच्या एका पत्रात सापडतो आणि शॉचा जन्म १८५६चा.

आमच्या शेजारच्या अक्का कानडी. त्या वर्षी त्या हौसेने मराठी वाचायला शिकत होत्या. एका दुपारी पुस्तक घेऊन आल्या आणि 'चार गायींना चारा' या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, 'अक्षर एकच की हो! मग तुम्ही दोन तऱ्हेनं का म्हणता?' मी ओळ दोनदा म्हणून पाहिली. जन्मभर म्हणत आले, पण यातला पहिला च वेगळा आणि दुसरा वेगळा हे कधी जाणवलेच नव्हते. खूण तर कुठेच नाही. चिमणीचा एक, चुलीचा दुसरा. त्यांना कसे ओळखायचे ते मला काही सांगता येईना. भाची वहीतून मान वर काढून म्हणाली, 'अक्का, रकाने पाडा.' मग दोघी तासभर चटईवर बसल्या होत्या. अक्कांची चूल शेवटपर्यंत 'च्यूल'च राहिली, पण त्यांना त्याचे काही वाटत नव्हते.

भाची सायन्सलाच राहिली. जुलैत एका संध्याकाळी तिचा फोन आला.

'मावशी, आज सरांनी थरोला थ्रू म्हटलं.'

'मग, तू सांगितलंस?'

'नाही गं. सगळे हसले असते.'